गांगुर्डे भाऊसाहेबांची वाळू

लहानूभाऊ गांगुर्ड्यांनी दोन-चार घमेली वाळू मागवली होती. आली ट्रॅक्टरची ट्रॉली भरून. पुढं जो गोंधळ झाला त्यात त्यांची चूक एवढीच, की वाळू कशाला हवी हे त्यांनी निरोपात सांगितलं नाही. सांगितलं असतं तरी फरक पडला नसता म्हणा. दिंडोरीचा त्यांचा मावसभाऊ कोंडाजी हा मोठ्या मनाचा माणूस. नोकरदार भावानं वाळू मागितली म्हणजे तो खोली काढतोय, आणि भावाची खोली निघत असताना आपण घमेल्यानं वाळू पाठवणं शोभत नाही, एवढा सरळ विचार त्यानं केला. कादवा नदीची चाळलेली, स्वच्छ वाळू नाशिकरोडच्या सरकारी क्वार्टर्समध्ये लहानूभाऊंच्या थेट दारात आली. ट्रॉलीचं फाळकं उघडलं तेव्हा लहानूभाऊ बनियनवर उभं राहून दात घासत होते. त्यांनी तोंडातल्या फेसासकट दोन्ही हात वर करून ‘नको नको’ची खूण केली. ड्रायव्हरनं तो नमस्कार समजून उलट नमस्कार केला आणि वाळू ओतली.

वाळू हवी होती संघमित्राला खेळायला.

संघमित्रा म्हणजे लहानूभाऊंची लेक. तीन वर्षं पुरी होऊन गेलेली, गोल चेहऱ्याची, भुवया उडवून बघणारी. घरात तिला मित्रा म्हणत. मित्राला सगळं कळायचं. ‘आजीची चष्म्याची डबी आण’ म्हटलं की आणायची, पप्पांची सायकल कोपऱ्यावर वळली की दाराशी जाऊन उभी राहायची, वरणात मीठ कमी असलं की ताट आईकडे ढकलायची. फक्त बोलायची नाही. हवं ते बोटानं दाखवायची आणि फारच अडलं तर ‘अं’ म्हणायची. त्या एका ‘अं’चे वेगवेगळे अर्थ तिच्या आईला, लताबाईंना, लागायचे, बाकी कुणाला नाही. शेजारची तिच्याच वयाची पोरं भांडायला लागली, चहाड्या करायला लागली, आणि मित्रा नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत बसायची. लताबाई हल्ली सार्वजनिक नळावर जाताना तिला बरोबर नेत नसत. तिथं कुणीतरी ‘बोलते का गं आता?’ म्हणून विचारायचं आणि तेवढ्यानं त्या हंडा अर्धाच भरून परत फिरायच्या.

लहानूभाऊंनाही भीती वाटत होती. पोरगी मुकी निघाली तर, हा विचार ते मनात पुरता येऊसुद्धा देत नसत. माणूस घाबरला की एकतर गप्प बसतो, नाहीतर एखादा कार्यक्रम हाती घेतो. लहानूभाऊ सरकारी कचेरीत वरिष्ठ लिपिक होते, ‘भाऊसाहेब’ म्हणवून घ्यायची सवय होती. त्यांनी कार्यक्रम हाती घेतला.

त्याआधी सल्ल्यांचा एक हंगाम होऊन गेला होता. लहानूभाऊंच्या आई चांगुणाबाई गावाकडून आल्या त्या वेखंडाचं मूळ पदराला बांधूनच आल्या.

“आरं लहान्या, वेखंड उगाळून जिभंला लावलं का पोर घडाघडा बोलतं. तुला बी लावलं व्हतं.”

“आणि मी बोललो?”

“बोलला ना. आजून थांबला नाय.”

समोरच्या क्वार्टरमधल्या वत्सलाबाई प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. त्यांचं निदान वेगळं होतं. मुलीला वळण नाही, हे ते निदान. त्या रोज संध्याकाळी मित्राला समोर उभी करायच्या, एका हातात कांदा आणि दुसऱ्या हातात बटाटा धरायच्या आणि “हे काय आहे? बोल. बोल ना. अगं बोल!” असं विचारायच्या. मित्रा कांद्याकडे बघायची, बटाट्याकडे बघायची, मग वत्सलाबाईंकडे बघायची. एवढ्या मोठ्या बाईंना कांदा ओळखता येऊ नये, याचं तिला वाईट वाटत असावं. ती दोन्ही वस्तू त्यांच्या हातातून काढून घेऊन आईच्या टोपलीत नेऊन ठेवायची.

शेवटी लताबाई हट्टाला पेटल्या आणि दोघं पोरीला घेऊन शहरात एका लेडी डॉक्टरकडे गेले. बाई लहान मुलांच्याच डॉक्टर होत्या. त्यांनी मित्राच्या पाठीमागं बसून कपात चमचा किणकिणवला, मित्रा वळली. हळू आवाजात ‘बाहुली कुठाय?’ विचारलं, मित्रानं बाहुली दाखवली. बाईंनी तिला बराच वेळ नुसतं खेळू दिलं आणि बघत बसल्या.

“ऐकू येतंय, समजतंय,” बाई म्हणाल्या. “घाबरू नका, पण दुर्लक्षही करू नका. तिला खेळू द्या. वाळू, पाणी, डबे, झाकणं. चार मुलांत बसू द्या. ती जे करत असेल त्याबद्दल तुम्ही तिच्याशी बोला. हे बोल, ते बोल म्हणून परीक्षा घेऊ नका. आणि तुमचं बोलून झालं की थांबा. तिला जागा द्या बोलायला. हे माझ्या मनचं सांगत नाहीये. पुष्कळ मुलांकडे वर्षानुवर्षं नीट बघून लोकांनी ताडून पाहिलेलं आहे.”

“औषध?” लहानूभाऊंनी विचारलं.

“हेच. दिवाळीनंतर पुन्हा आणा. तोवर काहीच हाललं नाही, तर मुंबईला पाठवून सगळ्या तपासण्या करून घेऊ.”

मुंबईचं नाव काढल्यावर लताबाईंनी पोरीला एकदम छातीशी धरलं. लहानूभाऊंना मात्र ‘ताडून पाहिलेलं’ हा शब्द फार आवडला. घरी परत येताना बसमध्ये त्यांनी बाईंचं सगळं म्हणणं लताबाईंना समजावून सांगितलं. जणू त्या तिथं नव्हत्याच.

अंमलबजावणी दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. बाईंनी सांगितलं होतं, ती जे करते त्याबद्दल बोला. लहानूभाऊ बोलू लागले. आता ज्या माणसाची उमर टिपणी लिहिण्यात गेली त्याचं बोलणं कसं असणार?

“संघमित्रा, तू आता वाटी उचललीस. सदर वाटी रिकामी आहे. आता तू सदर वाटीत पाणी ओतत आहेस. पाणी सांडलेलं आहे. ते का सांडलं, तर वाटी लहान आणि पाणी जास्त. याबाबत पुढे काय करावं? तर फडकं आणावं.”

मित्रा त्यांच्याकडे बघत राहायची. एकदा-दोनदा तिचे ओठ हललेही, पण तेवढ्यात लहानूभाऊ फडक्याच्या विषयात शिरलेले असायचे.

“अहो, थांबा म्हणाल्या होत्या बाई,” लताबाई स्वयंपाकघरातून म्हणायच्या.

“थांबतोच आहे,” असं म्हणून लहानूभाऊ पुढं बोलत.

पाणी झालं, डबे झाले, राहिली वाळू. म्हणून तो निरोप, आणि म्हणून ती ट्रॉली.

वाळू पडल्यावर चहाची वेळ टळायच्या आत धोंडीराम आहेर हजर झाले. आहेरांची आणि लहानूभाऊंची भिंत एकच. आहेर मूळचे देवळ्याचे, बोलण्यात मधूनच अहिराणी यायची. तिथं स्वतःचं घर बांधताना त्यांनी दोन गवंडी पळवून लावले होते, त्यामुळे बांधकामातला त्यांचा अधिकार कॉलनीत कुणी नाकारत नसे. त्यांनी मूठभर वाळू घेतली, चोळली, फुंकर मारली आणि मान डोलावली.

“चांगली शे. माती नाही. भाऊसाहेब, खोली काढताय आणि शेजाऱ्याला पत्ता नाही?”

“खोली नाही हो. पोरीला खेळायला आणलीय.”

आहेर आधी थबकले, मग पोट धरून हसले, मग आजूबाजूला बघून त्यांनी एक डोळा बारीक केला.

“बरोबर. कुणी विचारलं तर हेच सांगा. मी पण हेच सांगतो.”

त्यांनी खरंच तसं सांगितलं आणि प्रत्येकाला तोच डोळा बारीक करून सांगितलं. आता सरकारी क्वार्टरला खोली जोडणं म्हणजे नियमाबाहेरची गोष्ट. पण कुठं मागचा ओटा पत्र्याखाली गेला होता, कुठं मोरी बाहेर काढली होती, आणि सगळ्यांनीच आजवर काही ना काही कारण सांगून वेळ मारून नेली होती. पण ‘पोरीला खेळायला’ इतकं साधं कारण कुणालाच सुचलं नव्हतं. कॉलनीत लहानूभाऊंबद्दल एकदम आदर वाढला. एक गृहस्थ वाटेत अडवून म्हणाले, “भाऊसाहेब, आमच्या पोरांनाही थोडं खेळायचं होतं, दहा बाय बारा.” कचेरीत सिमेंटच्या परमिटसाठी लोक भेटायला येऊ लागले. सिमेंट मिळणं म्हणजे मुलीचं लग्न जमण्याइतकंच अवघड झालेलं. अशा वेळी ज्यानं उघड वाळू टाकली त्याच्याकडे सिमेंट असणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. लहानूभाऊ नाही म्हणाले. ते नाही म्हणाले म्हणून लोकांची खात्रीच पटली.

इकडं वाळूवर पोरं जमली ती हटेनात. बाईंनी चार मुलांत बसवा म्हटलं होतं. इथं सगळी कॉलनी बसायला लागली. मित्रा मधोमध बसायची. तिच्या एका बाजूला एक पोरगा बोगदा खणायचा, दुसऱ्या बाजूला दोघी जणी वाळूचा स्वयंपाक करायच्या आणि मित्रा भुवया उडवून ऐकत राहायची. आणि तिच्यासमोर पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून, हातात डालड्याचा डबा घेऊन वरिष्ठ लिपिक लहानू गांगुर्डे उकिडवे बसलेले असायचे. “सदर डबा आता उपडा केलेला आहे,” असं ते म्हणत असतानाच एका संध्याकाळी त्यांचे साहेब स्कूटरवरून जाता जाता थांबले. साहेबांनी गॉगल काढला, बघितलं, आणि फार सौम्य आवाजात विचारलं, “गांगुर्डे, घरी सगळं ठीक ना?” लहानूभाऊंना त्या रात्रीचं जेवण गेलं नाही. साहेब ओरडले असते तर बरं झालं असतं, असं ते लताबाईंना म्हणाले.

मग कोंडाजी स्वतः आला. बरोबर अर्धी ट्रॉली विटा आणि एक गवंडी.

“भाऊ, नुसती वाळू काय करल? इटा नको का?”

“कोंडाजी, अरे, मी खोली काढत नाहीये!”

“लय भारी!” कोंडाजी हसला. आहेरांनी त्याला दारातच गाठून कारण सांगितलेलं होतं. गवंड्यानं ओळंबा काढला, आहेरांनी सुतळीचं एक टोक धरलं, आणि लहानूभाऊ वाळूच्या शास्त्रीय उपयोगाबद्दल बोलत असतानाच त्यांच्या दाराशेजारी खोलीची आखणी झाली. खिडकी कुठं ठेवायची यावरून आहेरांचं आणि गवंड्याचं वाजलं म्हणून काम तेवढ्यावर थांबलं. गवंडी रागानं ओळंबा गुंडाळून चालता झाला. आहेरांच्या खाती हा तिसरा.

या सगळ्यात एका माणसाला मात्र मनापासून आनंद झाला होता. चांगुणाबाईंनी खोलीची बातमी ऐकली आणि त्या हरखून गेल्या. त्या स्वयंपाकघरात मांडणीखाली पाय घालून झोपायच्या. पहाटे लताबाईंना स्टोव्ह पेटवायचा असला की यांना वळकटी गुंडाळून उठावं लागे. आता त्यांनी नळावर सगळ्यांना सांगितलं, “माझा लहान्या माझ्यासाठी खोली काढतोय. मला नाय बोलला, पण मला कळतंय.”

लहानूभाऊंच्या कानावर हे आलं आणि त्यांनी शनिवारी संध्याकाळी आईला बसवून सगळं स्पष्ट केलं. खोली नाही. वाळू खेळायला. ताडून पाहिलेलं आहे. आणि बोलण्याच्या भरात, वेखंड पुन्हा पोरीच्या जिभेला लावायचं नाही, हेही त्यांनी सांगून टाकलं.

चांगुणाबाई उठल्या. त्यांनी लुगडी काढली, घडी केली, गाठोडं बांधलं.

“उद्याच्या यष्टीनं जाते मी. तुमच्या पोरीला वाळू पायजे, म्हातारी कशाला पायजे?”

लताबाईंनी हात धरला, लहानूभाऊंनी अडवलं, पण म्हातारीचं मन दुखावलं होतं ते दुखावलंच. मित्रा दारात उभी राहून गाठोड्याकडे बघत होती.

रविवारी सकाळी आजी गाठोडं घेऊन पायरीवर बसल्या होत्या आणि लहानूभाऊ त्यांची समजूत काढत होते, तेवढ्यात बांधकाम खात्याचे ओव्हरसियर आले. कुणीतरी निनावी अर्ज केला होता. ओव्हरसियर नव्यानंच बदलून आलेले, सडपातळ, हातात टेप, काखेत फाईल. त्यांनी वाळू पाहिली, विटा पाहिल्या, जमिनीवर ताणलेली सुतळी पाहिली.

“गांगुर्डे तुम्हीच? हे काय आहे?”

“साहेब, हे खेळायला आहे.”

“अगदी खेळायलाच आहे, साहेब,” आहेर पुढं येऊन म्हणाले आणि सवयीनं त्यांचा डोळा बारीक झाला.

ओव्हरसियरांनी तो डोळा बघितला आणि टेपचं टोक भिंतीला लावलं. “खेळायला विटा लागतात? विनापरवाना बांधकाम आहे हे. जागेवर पंचनामा करतो. क्वार्टर रद्द होऊ शकतं, कल्पना आहे ना?”

मग जो आवाज उठला तो काय सांगावा! आहेर म्हणाले, विटा माझ्या समजा. वत्सलाबाई म्हणाल्या, मी पहिल्यापासून सांगत होते, पाटी द्या हातात, वाळू नको. एकीनं पत्र्याच्या ओट्याचं नाव काढलं, तशी पत्र्याच्या ओट्यावाली बाई तिच्यावर धावून गेली. चांगुणाबाई पायरीवरून ओरडल्या, “माझ्या लेकाला काय बोलायचं नाय हां!” लताबाईंना रडू फुटलं. कुत्रीसुद्धा भुंकायला लागली.

“गप्प!” ओव्हरसियर ओरडले. “सगळे गप्प! मला एकानंच सांगा, इथं चाललंय काय?”

सगळ्यांनी लहानूभाऊंकडे बघितलं. लहानूभाऊंनी तोंड उघडलं. डॉक्टरीणबाई, ताडून पाहिलेली गोष्ट, दोन-चार घमेली, मुंबईच्या तपासण्या, सगळं घशाशी आलं आणि तिथंच अडकलं. क्वार्टर जाणार, आई चालली, कचेरीतल्या साहेबांना मी वेडा वाटलो, आणि दिवाळी तोंडावर आली तरी पोरगी ‘अं’च म्हणतेय. ते विटांवर खाली बसले आणि त्यांनी चेहरा दोन्ही हातांत धरला. बोलायला काही उरलंच नव्हतं.

कॉलनीत शांतता झाली. ती कुणी मोडेना. ओव्हरसियर पेन उघडून उभे होते.

वाळूत, सुतळीच्या आत, मित्रा बसली होती. तिनं दोन अर्ध्या विटा उभ्या केल्या होत्या आणि त्यांच्याभोवती ओली वाळू थापत होती. तिनं थापणं थांबवलं, वर बघितलं.

“खोली,” ती म्हणाली.

लताबाईंचं रडणं मध्येच थांबलं.

“खोली बांधते.” आवाज थोडा घोगरा होता, पण शब्द न् शब्द वेगळा.

ओव्हरसियरांना काय घडलंय ते ठाऊक नव्हतं. त्यांनी हाताशी आलेली साक्ष सोडली नाही. “असं का? कुणाची खोली?” आणि ते पेन टेकवून थांबले.

मित्रानं पायरीकडे बघितलं, गाठोड्याकडे बघितलं.

“आजीची,” ती म्हणाली. “आजी जात नाय.”

चांगुणाबाईंच्या हातून गाठोडं सुटून पायऱ्यांवरून खाली घरंगळलं. त्या उठल्या, लुगड्याची तमा न बाळगता वाळूत बसल्या आणि नातीला मिठीत घेऊन तिच्या केसांत तोंड लपवून रडू लागल्या. आहेर भिंतीकडे वळून नाक शिंकरू लागले. वत्सलाबाई आपलं मास्तरीणपण विसरून मोठ्यानं हुंदके देऊ लागल्या.

“गांगुर्डे, बघा, तुमच्या मुलीनंच सांगितलं,” ओव्हरसियर गोंधळून म्हणाले. “खोली आहे म्हणून.”

“सांगितलं ना!” लहानूभाऊ उठून उभे राहिले. त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. “तुम्ही ऐकलंत ना साहेब? तुम्हीही ऐकलंत ना? लिहा. ती म्हणाली तसंच लिहा, एकही शब्द बदलू नका.”

“अहो, हे तुमच्या विरुद्ध जातंय.”

“जाऊ द्या! साहेब, माझी पोरगी आजवर एक शब्द बोलली नव्हती.”

ओव्हरसियर एकदा त्यांच्याकडे, एकदा त्या म्हातारीकडे बघत राहिले. मग त्यांनी टेप गुंडाळून खिशात टाकला, पँट गुडघ्यापाशी वर ओढली आणि ते वाळूत मित्रासमोर उकिडवे बसले.

“खिडकी कुठं?” त्यांनी विचारलं.

आहेरांनी उत्तरासाठी तोंड उघडलं. लताबाईंनी त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली, की त्यांनी ते मिटलं. सगळी कॉलनी उभी राहून वाट बघत होती. मित्रानं विचार केला. तिला कसली घाई नव्हती. मग तिनं ओल्या वाळूत बोट खुपसलं.

“इथं.”

“लिहा साहेब,” लहानूभाऊ म्हणाले. “खिडकी एक.”